दिवा मालवल्याची नोंद

सप्टेंबरची चौदा. रात्रीचे आठ वाजून दहा.
मॅनिओटोटोच्या पठारावर, रॅनफर्लीपासून नऊ किलोमीटर आत,
फोन वाजला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत माखलेले.
इझबेल होती. कुंपणापलीकडची.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवून
आता नवऱ्याच्या हत्यारांच्या खोलीचं छप्पर सरकतं करून
तिथे दुर्बीण घेऊन बसते.
म्हणाली, डगल, यार्डातला दिवा मालव.

मेंढ्या विताहेत, म्हटलं.
ठाऊक आहे, म्हणाली. मालव.

इतक्या हक्कानं तिनं आजवर
साधी शिडीसुद्धा मागितली नव्हती.

नंतर सांगितलं तिनं. मला कळलं तेवढं हे:
आकाशगंगेच्या गाभ्याकडचा एक तारा, नाव नाही, नंबर आहे.
त्याच्या बरोब्बर पुढून दुसरा एक चाललेला,
आणि पुढच्याचं वजन मागच्याचा उजेड वाकवून
आपल्याकडे वळवतं, पन्हळीनं पाणी वळवावं तसं.
महिनाभर उजेड चढतो, मग उतरतो.
पण पुढच्याभोवती कुणी बारकं फिरत असलं
तर त्या उतारावर एक उंचवटा येतो.
चार तासांचा. एकदाच.
चिलीत तो तारा मावळून गेलेला, आफ्रिकेत ऊन,
ऑस्ट्रेलियात अजून संध्याकाळ रेंगाळलेली,
टेकापोला वारा सुटून घुमट बंद.
त्या घटकेला कामाचा अंधार होता तो आमच्याकडे,
आणि त्यात माझा पाचशे वॅटचा दिवा.

मालवला.

आधी वास आला, ओल्या लोकरीचा, पेंढ्याचा.
मग सगळ्यांचे श्वास.
वर चांदणं पडलं असणार. मी बघितलं नाही.
सतरा नंबरची अडली होती.

डोळे मिटून घेतले, तसेही उपयोगाचे नव्हते.
आत हात. ऊब. एक खूर.
खुराच्या वर चाचपलं तर टाचेचं हाड लागलं.
पायाळू.
त्याचा दुसरा पाय शोधायला गेलो
तर हाताला आला तो भलत्याचाच.
म्हणजे दोघं होती.
दिवा असता तर घाई केली असती मी,
दोघांचा एकेक पाय धरून ओढला असता.
असं आता वाटतं. तेव्हा काही वाटलं नाही,
पाठीला घाम होता आणि बाहेर गवतावर दव गोठत होतं.

तिकडे इझबेल केस वाळवायच्या यंत्रानं
भिंगावरचं धुकं घालवत होती.
दर तीन मिनिटांनी एक मोजणी.
मध्ये कुत्रा केबलीत अडकला, अकरा मिनिटं गेली.
ती अकरा मिनिटं आलेखात अजून रिकामी आहेत,
दात पडल्यासारखी.

पहिलं जगलं. दुसऱ्याच्या नाकात फुंकर घातली,
उलटं धरून हलवलं, पेंढ्यानं चोळलं.
किती वेळ, ते मोजायला कुणी नव्हतं.

मे महिन्यात तो लेख छापून आला.
सत्तेचाळीस नावं. तिचं एकोणचाळिसावं,
त्यातही एक अक्षर गाळलेलं.
ग्रह नेपच्यूनएवढा. बर्फाळ असावा.
‘असावा’ या शब्दावर तिनं बोट ठेवलं,
माझ्याकडून तो वाचायचा राहील म्हणून.

मी म्हटलं, दाखव की मग.
दिसत नाही, म्हणाली. त्या रात्रीही दिसला नव्हता.
पुन्हा कधी?
पुन्हा नाही. ते दोघे तारे आपापल्या वाटेनं गेले.
मग आहे कशावरून?
चहा निवला होता, तरी प्याली.
खिडकीतून माझ्या कुरणाकडे बघत म्हणाली,
त्या रात्रीचं तुझं ते कोकरू, त्यातलं कुठलं?

साठेक होती. सगळी एकाच बाजूला तोंड करून चरत होती.
मी एकीकडे बोट केलं.

कानाला बिल्ला मारायचा त्या रात्री राहून गेला होता.
अंधार होता.